पिसं गळून राहिली जी, काकू!

"काय वं, सकाळपासून झाडूनच राहिली? अन् एवढी हिरवी पिसं कुठली? मांजरानं डाव साधला की काय?"

"नाही जी काकू, आमचीच बजरी. आठवडा झाला, पिसं गळूनच राहिली. झाडलं की तासाभरात पुन्हा तेवढाच कचरा. सासूबाई म्हणतात, नजर लागली. मिरच्या-मोहरी काढूनच ठेवली त्यांनी."

"मिरच्या जाळायच्या तर मागच्या आवारात जाळा म्हणा. आपल्याले नुसता ठसका लागते, पाखराच्या जिवावर बेतते. अन् नजर कशाची? पिसं बदलून राहिली ती. वर्षातून एक-दोनदा बदलतेच."

"पण एवढी?"

"पीस म्हणजे आपल्या नखासारखंच, केरॅटिनचं. झिजलं की दुरुस्त होत नाही, टाकून नवंच आणावं लागते. पण सगळी एकदम टाकली तर उडणार कशी? म्हणून पंखातली दोन्ही बाजूंनी थोडी थोडी पडते. उडून राहिली ना तुझी?"

"उडते की. पण डोक्यावर पांढरे काटे आले. मला तर किडेच वाटले."

"नवे कोंब ते. पीस टोपणात गुंडाळून येते, मग टोपण भुसा होऊन झडते. वाढत असताना त्यात रक्त असते, म्हणून दाबू नको, उपटू तर नकोच. मोडून रक्त आलं तर कॉर्नफ्लॉवर लावून दाबून धर, नाही थांबलं तर डॉक्टर. डोक्यावरचे कोंब तिले स्वतः सोलता येत नाही, जोडीदार सोलून देते. दिवसभर डोक्याले डोकं लावून बसतात ना ते दोघं? आपण म्हणतो, काय प्रेम! अर्धं काम खाजेचं असते."

"मग घाबरायचं कधी?"

"टक्कल दिसलं की. साध्या गळतीत कातडी उघडी पडत नाही. त्या कोपऱ्यावरच्या घरचा मिठू पाहिला? पोट उघडं, छाती उघडी, डोकं मात्र हिरवंगार. म्हणजे स्वतःच उपटून राहिला. डोक्यापर्यंत चोच पोचत नाही ना! एकट्याले दिवसभर कोंडलं तर करेल काय बिचारा? अन् त्या बाई वरून खोबरेल चोळते. तेलानं पिसं चिकटते, ऊब राहत नाही."

"त्या तर म्हणतात, खास आणवला आहे."

"कौतुक सांगून राहिली! आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तुझी बजरी मुळात ऑस्ट्रेलियाची, तिले चालते. पण मिठूले आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वनखात्याच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरले नेऊन द्यावं की नाही? मी सांगितलं तर म्हणते, तुम्हाले आमचं बघवत नाही."

"आमचीला खायला काय देऊ?"

"नुसत्या राळ्यावर ठेवू नको. पिसाचा नव्वद टक्के भाग प्रथिनाचा, येणार कुठून ते? उकडलेल्या अंड्याचा तुकडा, मोड आलेले मूग, कोथिंबीर दे. उथळ वाटीत पाणी ठेव आंघोळीले. कूलरच्या झोतात पिंजरा नको. अन् रात्री टीव्ही चालतो तुमच्याकडे अकरापर्यंत..."

"साडेअकरा. सासूबाईंची मालिका असते."

"दिवस लहान-मोठा होतो त्यावर पाखराची गळती ठरते. उजेड लांबला तर अवेळी गळते. त्यांना म्हणा, आवाज कमी करा. अन् तू पिंजरा दुसऱ्या खोलीत ने. मालिका बंद करा म्हणू नको, घरात भांडण नको."

"किती दिवस चालेल हो हे?"

"दोन-तीन आठवडे. तोवर ती जरा गप्प असते, झोपते जास्त, चिडते. चालते तेवढं. पण फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, खाणं सोडलं, नाही तर नवी पिसं वाकडीतिकडी आली, तर नजरेच्या मागे लागू नका. दुसऱ्या पाखरापासून वेगळी कर अन् लगेच व्हेटर्नरी कॉलेजात ने. तेही सेमिनरी हिल्सवरच आहे, 1958 पासून."