मुख्य नियामक

मे महिन्यात अकोल्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर दिसणारा माणूस कुरिअरवाला तरी असतो, नाहीतर लग्नपत्रिका वाटत फिरणारा वधुपिता. बाकी सगळं गाव कूलरसमोर. पुण्या-मुंबईची भाचरं, पुतणे आलेले असतात, रस-पोळी जिरवायला चार तास हाताशी असतात आणि समोर टीव्ही असतो. अशा घरात एक गृहस्थ हमखास सापडतो, जो सिनेमा बघत नाही, तपासतो. नात्याने तो काका. उभा जन्म दहावीचे पेपर तपासण्यात आणि शेवटची काही वर्षं दुसऱ्यांनी तपासलेले पेपर तपासण्यात गेलेला. बोर्डाने त्याला सोडलं, लाल पेनाने नाही.

सुट्टी लागली की काका जुन्या डायरीत रकाने आखतात. कथा ३०, अभिनय ३०, संगीत २०, सहकुटुंबता २०. हा शेवटचा विषय त्यांनी स्वतः अभ्यासक्रमात आणला. आजीपासून पहिलीतल्या पोरापर्यंत कुणालाही मध्येच पाणी प्यायला उठावंसं वाटलं नाही, तर पैकीच्या पैकी. 'झपाटलेला'ला (१९९३) त्यात पाचच मिळाले. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली होती, तरीही. कारण तात्या विंचूचा तो बाहुला पाहिल्यापासून धाकटा पुतण्या रात्री एकटा बाथरूमला जाईना आणि दाराबाहेर उभं राहून मोठ्याने पाढे म्हणायचं काम काकांकडे आलं.

'श्यामची आई' मात्र कायम पहिली. "राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक ज्या सिनेमाला मिळालं, त्याला मी कोण गुण देणार?" असं म्हणून काका १९५३ सालच्या त्या सिनेमाला परीक्षेविनाच पहिला नंबर देतात. तो दरवर्षी पहिला येतो आणि दरवर्षी लावायचा राहतो. पहिल्या नंबरचा सिनेमा वेगळा आणि लावायचा सिनेमा वेगळा, हे मराठी घरात सगळ्यांना माहीत असतं. डायरीत तेवढं कुणी लिहीत नाही.

खरी चुरस दुसऱ्या नंबरासाठी. 'माहेरची साडी'साठी आत्या अश्रूंचा वेगळा रकाना मागते. तो मिळत नाही, मग ती जेवताना बोलत नाही. 'सैराट' फॅमिली सिनेमा आहे का, यावर एका रविवारी फार गरमागरमी झाली. काका म्हणाले, "नाही." कॉलेजातली पुतणी म्हणाली, "काका, त्यात फॅमिली आहे की. शेवटी येते." त्यावर कुणालाच काही सुचेना. कूलरमध्ये पाणी घालायची पाळी कुणाची, हा विषय निघाला आणि 'सैराट'चा निकाल राखून ठेवण्यात आला.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा काकांचा लाडका विद्यार्थी. कूलरच्या घरघरीत संवाद धड ऐकू येत नाहीत, पण ऐकायचे आहेत कुणाला? अशोक सराफ तोंड उघडायच्या आत वाक्य सोफ्यावरून येतं. काका दरडावतात, "पेपर फोडू नका!" आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून आले की स्वतःच फोडतात.

इंजिनिअरिंगच्या पुतण्याने घात केला तो इथेच. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला तो म्हणाला, "काका, हा हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय. १९६६ चा." खोलीत शांतता पसरली. तेवढ्यावर थांबेल तर पुतण्या कसला! महेश कोठाऱ्यांचा 'धूमधडाका' (१९८५) म्हणे 'प्यार किये जा'वरून, आणि तो हिंदी सिनेमा १९६४ च्या तमिळ सिनेमावरून. 'दे धक्का'चं मूळ तर थेट अमेरिकेत, 'लिटल मिस सनशाइन'. अख्खी गुणवत्ता यादीच कॉपी प्रकरणात सापडली. ज्या माणसाने भरारी पथकात असताना पोरांच्या मोज्यांतून चिठ्ठ्या काढल्या, त्याच्याच घरात!

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत्यालाही त्यांची दया आली असावी, कारण तिने न मागता पन्ह्याचा ग्लास पुढे केला. ग्लास संपवून काकांनी निर्णय दिला : "ज्याच्या पेपरात बघून लिहिलं, त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले तर ती कॉपी नाही. अभ्यास." मग पुतण्याकडे वळून, "तो मुखर्जींचा सिनेमा तू पाहिलायस?" पुतण्या गप्प. "मग बस खाली."

बोर्डाने हा नियम कधी ऐकलेला नाही. माझ्या मते ऐकायला हरकत नव्हती.

काकांच्या कुठल्याही निकालावर कधी अपील होत नाही, कारण अपील करू शकणारी एकमेव व्यक्ती स्वयंपाकघरात असते. काकूंनी एकही सिनेमा सलग पाहिलेला नाही. या दारातून त्या दारात जाताना दिसतील ते तुकडे जोडून त्यांचा सिनेमा तयार होतो. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) लागला होता तेव्हा मात्र त्या हातात उलथनं घेऊन दारातच थबकल्या. दादासाहेब फाळक्यांच्या खटाटोपात सरस्वतीबाई घर सांभाळून राबत होत्या. काकूंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यांनी बायकोला कामाला लावलं, पण निदान सिनेमा तरी काढला. इथे नुसते बघतात."

त्या रात्री 'फॅक्टरी'चे सहकुटुंबतेचे गुण चौदावरून वीस झाले. खाडाखोडीवर काकांची सही आहे. फेरतपासणीची फी मात्र घेतलेली नाही.