ऋणकोने उत्साह कसा टिकवावा

ऋण काढण्यास लागणारा उत्साह मनुष्यमात्राच्या अंगी उपजतच असतो. ते फेडण्याचा उत्साह मात्र सर्वस्वी प्रयत्नसाध्य असल्याने, या विषयात तीन वर्षे उमेदवारी केलेल्या प्रस्तुत लेखकाने नवशिक्या ऋणकोंच्या हितार्थ पुढील सूचना नमूद केल्या आहेत.

प्रथम, पूर्वसूरींचे दाखले नीट तपासावेत. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, या कथेचा आधार घेऊन हप्ता बुडविण्याचा मोह होतो. परंतु ती खते लोकांकडून येणे असलेल्या रकमांची होती, आणि धनकोचे औदार्य ऋणकोने परस्पर आपल्या नावे जमा करून घेणे वारकरी पंथास धरून नाही. 1875 साली सुप्याच्या रयतेने सावकारांची खते जाळली, हेही खरे. तथापि हल्लीची खते संगणकात वास करीत असल्याने त्यांस अग्नी देणे दुरापास्त झाले आहे.

दुसरे, हप्त्यांचा तक्ता नेहमी खालून वर वाचावा. दरसाल दरशेकडा 15 व्याजाने, पाच वर्षांच्या मुदतीवर घेतलेल्या एक लाख रुपयांचा मासिक हप्ता 2,379 रुपये येतो. पैकी पहिल्या खेपेस 1,250 रुपये व्याजातच जिरून मुद्दल अवघे 1,129 रुपयांनी हलते, हे पाहून भल्याभल्यांचे धैर्य गळते. साठाव्या हप्त्यात मात्र व्याज जेमतेम 29 रुपये उरते. वाचनाचा आरंभ तेथून केल्यास चित्त प्रसन्न राहते.

तिसरे, फेडीचा आनंद बेताने साजरा करावा. आमचा पहिला हप्ता वसूल झाला त्या सायंकाळी आम्ही श्रीखंड आणले, पाहुणे बोलाविले आणि रात्री सहकुटुंब नाटकास गेलो. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी वाण्याच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने बेरीज मांडली : 1,140 रुपये. म्हणजे फिटलेल्या मुद्दलापेक्षा अकरा रुपये अधिक. “हप्ता परवडला हो, आनंद नाही परवडत,” एवढेच बोलून त्यांनी तो कागद दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकविला. तो अद्याप तेथेच आहे, आणि उत्साह टिकविण्याचे याहून प्रभावी साधन आमच्या पाहण्यात नाही.

शेवटी, कर्ज फिटताच बेबाकी दाखला लेखी मागून घ्यावा आणि ट्रंकेत ठेवून द्यावा. तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्याची ऊर्मी मात्र निग्रहाने आवरावी. आमच्या गल्लीतील चौकटवाला उधारीवर काम करतो.