कोळीनाच पुन्हा कसा बसवावा

(बुऱ्हाणपूरच्या माजी विद्यार्थ्यांसाठी)

१९८० ते १९९० या काळात बुऱ्हाणपुरातल्या कोणत्याही शाळेतून बाहेर पडलेल्या, आणि ज्यांच्या गुडघ्यांनी अजून राजीनामा दिलेला नाही, अशा सर्वांसाठी ही सूचनावली आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही, पण नाचू नये.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. अमेरिकेत शाळा संपताना मुलं-मुली जोडीजोडीनं नाचतात, त्याला प्रॉम म्हणतात. आपल्याकडे ती सोय नव्हती. आपल्याकडे गॅदरिंग होतं. हिंदी माध्यमवाल्यांकडे वार्षिकोत्सव होता, आणि दोन्हीकडे मुलांच्या शाळेत कोळीण हीसुद्धा मुलगाच असे, नुकती मिसरूड फुटलेला. त्यामुळे तिकडचे लोक चाळीस वर्षांनी ‘मी तिच्याबरोबर नाचलो होतो’ म्हणत उसासे टाकतात, तर इकडे निवृत्त कार्यकारी अभियंत्याला त्याच्याच मुलाच्या लग्नात मांडवातून हाक येते, ‘काय गं कोळणी, जेवलीस का?’

आता नाच कोणता, हा प्रश्न. फिल्मी नाच बसवायचा मोह होईल. १९८१ साली ‘याराना’ आला आणि अमिताभच्या अंगावर दिवे लागले. १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ आला. त्यानंतर गावातल्या टॉर्चचे बल्ब आणि सेल अचानक कमी होऊ लागले, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पण बल्ब शिवलेला शर्ट एकट्याचा असतो, तो घालणाराही एकटाच लक्षात राहतो. चाळीस वर्षं भांडायला समूहनृत्य लागतं, म्हणून कोळीनाचच घ्यावा.

बुऱ्हाणपूरपासून मुंबईचा समुद्र रेल्वेनं सुमारे ५०० किलोमीटर. तापी समुद्राला मिळते खरी, पण सुरतेजवळ, आपल्याला न सांगता. तरीही दरवर्षी प्रत्येक शाळेत होडी वल्हवली जायची, कारण कॅसेट मिळत होती, पुठ्ठ्याची वल्ही घरी होत होती आणि नऊवारी कोणाच्या ना कोणाच्या आजीच्या ट्रंकेत होतीच. बसवणाऱ्या बाईंनीही समुद्र पाहिलेला नसे. त्यांनी हा नाच भुसावळला किंवा जळगावला पाहिलेल्या दुसऱ्या बाईंकडून घेतलेला. त्यामुळे आपल्या लाटा पुराच्या असत. राजघाटासमोरचा दगडी हत्ती बुडायला लागला की तापी जशी दिसते, तशी लाट काढायची. मुंबईचा कोळी हे पाहून घाबरला असता. नाच पुन्हा बसवताना ही लाट जशीच्या तशी ठेवावी, यूट्यूबवरून सुधारू नये.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, तो दोनदा वाचावा.

नाचाच्या मध्येच लाईट गेली होती, याबद्दल एकाही बॅचमध्ये दुमत नाही. लाईट गेल्याचं बुऱ्हाणपुरात डोळे मिटूनही कळतं. गावभर चाललेले पॉवरलूम एकदम थांबतात आणि कानात शांतता भरते. मतभेद पुढचे आहेत. अंधारात होडी कोणी आपटली? कोळणीचा पदर कोणी ओढला? टेप बंद पडूनही शेवटपर्यंत कोण नाचत राहिलं? शेवटच्या प्रश्नावर प्रत्येकाचं उत्तर ‘मी’ असतं. हे वाद कदापि मिटवू नयेत. ज्या बॅचेसनी ते सामंजस्यानं मिटवले, त्यांच्या ग्रुपवर आज फक्त गुलाबाची फुलं येतात, सकाळी साडेसहाला. ज्यांचे वाद चालू आहेत, त्यांना एकमेकांची बायपास, मुलीचं स्थळ, केळीचा भाव, सगळं माहीत असतं. भांडायला फोन केला की बाकीचं ओघानं निघतंच.

जुना फोटो सापडणं हे या दृष्टीनं मोठं संकट आहे. फोटोत बहुधा दिसतं ते असं: होडी आपटलीच नव्हती, आपण मागच्या रांगेत होतो, आणि जो नाचलाच नाही असं सगळे म्हणतात, तो बरोबर मधोमध उभा आहे. असा फोटो मिळाल्यास घाईनं ग्रुपवर टाकू नये. टाकायचाच झाला तर ‘हा कोणत्या वर्षीचा?’ असं विचारून टाकावा. त्यावर आठ-दहा महिने निघतात.

ग्रुपची तांत्रिक बाजू थोडक्यात. व्हॉट्सॲपनं २०२२ मध्ये सदस्यमर्यादा १०२४ पर्यंत नेली. आपला वर्ग साठ जणांचा, तेव्हा जागेची अडचण नाही. तरी ग्रुप दोन होतातच, एक अधिकृत आणि एक खरा. अधिकृत ग्रुपमधून रागानं बाहेर पडलेल्यानं दुसरा काढलेला असतो आणि पहिल्यातले सगळे तिथंही असतात. वारलेल्या वर्गमित्राचा नंबर काढू नये. कधीतरी त्याची सून तो फोन वापरू लागते, आणि आपल्या सासऱ्यांना शाळेत कोळीण म्हणत हे तिला तिथं कळतं.

ग्रुप चालवणाऱ्यानं कुंडी भंडारा बघून यावा. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली बांधलेली ही पाण्याची व्यवस्था. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारानं गावाकडे येतं, पंप नाही, मोट नाही. वर शंभराहून जास्त कुंड्या आहेत, त्या हवा खेळायला आणि साफसफाईला. ॲडमिन म्हणजे त्यातली एक कुंडी. पाणी आपणच सोडतो असं तिला वाटत असेल तर वाटू द्यावं.

वाद राजकारणाकडे किंवा जमिनीकडे वळला तर उपाय एकच. मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपुरात वारली, तापीपलीकडे झैनाबादला आहुखान्यात आधी तिला पुरलं, सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं, एवढंच लिहावं. ‘ताजमहाल खरं म्हणजे आपलाच’ यावर सगळ्या जातीधर्मांचे, दोन्ही ग्रुपांचे बुऱ्हाणपूरकर पाच मिनिटांत एकत्र येतात. पण हे औषध वर्षातून दोनदाच वापरावं.

मुलींना शोधणं अवघड. त्यांची आडनावं बदललेली आणि काहींची पहिली नावंसुद्धा. भावांमार्फत जावं. संमेलन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठेवावं असं माझं ठाम मत आहे, कारण खानदेशच्या रीतीनं लेकी माहेरी येतात त्या तेव्हाच. दिवाळीला मुलगे येतात, पण त्यांना फराळाच्या ताटावरून उठवणं कठीण. आखाजीला ऊन चाळिशीपार असतं, तेव्हा नाच दिवेलागणीनंतर. बोलताना ‘तू’ की ‘तुम्ही’ हा पेच पडेल. शाळेत तर एक शब्दही बोलणं झालेलं नसतं. सध्या प्रचलित तोडगा असा: नावापुढे ‘ताई’ लावायचं आणि क्रियापद गिळायचं. ‘मंदाताई, चहा...?’ एवढं पुरतं. मंदाताईनंच ‘काय रे, वल्हं कुठाय?’ असं विचारलं की पेच सुटला समजावं.

स्थळ म्हणून काही उत्साही मंडळी शाही किल्ला सुचवतील. तिथं संध्याकाळी दरवाजा बंद होतो आणि पहारेकऱ्याला कोळीनाच समजावणं सोपं नाही. एखाद्या वर्गमित्राचं केळीचं शेत किंवा समाजाचं मंगल कार्यालय पाहावं. शेत असेल तर परतीला प्रत्येकाच्या गाडीत एक घड ठेवला जाईल. पुण्याला फ्लॅटवर घड कुठं टांगायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न.

जेवण वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत. गोडात मावा जिलेबी आणि दराबा, दोन्ही, नाहीतर इंदूरहून आलेले नाराज होतात. वर्गात साखरेची तक्रार नसलेला एखादाच सापडेल. त्याला वाढप्याचं काम द्यावं, बाकीच्यांनी एकमेकांच्या ताटाकडे बघू नये. नाच जेवणाआधी. हा नियम मोडून पाहणाऱ्यांची उदाहरणं आहेत, ती इथं देत नाही.

तालीम एकदाच घ्यावी, तीही अर्धी. बैठकीची पावलं खुर्चीवर करावीत. जाळं फेकताना खांदा धरतो, म्हणून जाळं आधीच पडलेलं आहे असं समजून पुढं जावं. मूळ कोळणीनंच कोळीण व्हावं. तो नको नको म्हणेल, पण नऊवारी त्यानं घरूनच आणलेली असते. आणि बरोबर मध्यावर कोणीतरी मेन स्विच बंद करावा. कोणी, ते ठरवू नये.

उरली वर्गणी. सगळा खर्च होऊन काही रक्कम उरेल किंवा कमी पडेल. तिचा आकडा दोन्ही ग्रुपांवर वेगवेगळा लिहावा. जो पहिल्यांदा हिशेब मागेल, त्याला पुढच्या आखाजीचा खजिनदार नेमावं.