तिकीटकाका

परदेशातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात उकडीची पिठी कुठे मिळते हे ठाऊक असलेली एक मावशी असते, वीस वर्षं 'तरुण कार्यकर्ता' राहिलेला एक गृहस्थ असतो आणि एक तिकीटकाका असतात. तिकीट नाटकाचं नव्हे. गाडी बाजूला घ्यायला लावून पोलीस खिडकीतून देतो ते. आमचे काका न्यू जर्सीतल्या एडिसनचे. त्यांचं बालपण तहसील कचेरीच्या पायरीवर गेलं, कारण वडील स्टँपव्हेंडर. जगातली सगळी दुःखं शेवटी कुठल्या तरी खिडकीवर योग्य कागद न दिल्याने होतात, ही त्यांची श्रद्धा तिथली.

तिकीट मिळालेला माणूस ते आधी बायकोपासून लपवतो आणि मग काकांना फोन करतो. काका सांत्वन करत नाहीत. "कुठलं राज्य?" एवढंच विचारतात. 'व्हर्जिनिया' म्हटलं की पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज येतो.

मीही तो आवाज ऐकला आहे. पोरांना डिस्ने दाखवायला आय-९५ ने फ्लोरिडाकडे निघालो होतो. दक्षिण व्हर्जिनियात रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना नुसते पाइन, पोरं झोपलेली. मर्यादा ताशी ७० मैल, माझा काटा ९१ वर.

"एक्क्याण्णव?" काकांचा आवाज गहिवरला. "अरे, मग हे तिकीट नाही, हा फौजदारी गुन्हा आहे!"

मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाल्याचं सांगावं त्या सुरात ते सांगत होते. व्हर्जिनियात मर्यादेच्या वर वीस मैल गेलात, किंवा मर्यादा काहीही असो, ८५ ओलांडलेत, की ते 'रेकलेस ड्रायव्हिंग'. कायद्यात बारा महिन्यांपर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. "पूर्वी ८० ची रेघ होती. २०२० च्या जुलैत ८५ केली. तू दोन्ही बाजूंनी बसतोस!" सही केलीस ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी रडवेला होऊन हो म्हणालो. "उत्तम. सही म्हणजे कबुली नव्हे. तारखेला हजर राहीन, एवढाच शब्द."

मग सुरू झाला शोध. साध्या स्पीडिंगचा दंड घरबसल्या भरून मोकळं होता येतं, रेकलेसचा येत नाही. कोर्टाची पायरी चढावीच लागते. पण कुठल्या कोर्टाची? माझ्या कागदावर कॉफी सांडली होती. काकांनी नकाशा पसरला. "काउंटी म्हणजे आपला तालुका समज. इथे ९५ काउंट्या. शिवाय ३८ स्वतंत्र शहरं. शहर काउंटीच्या पोटात असलं तरी काउंटीचं नाही. माहेरी राहून वेगळी चूल!" एक्झिटचा आकडा, पेट्रोल पंपाची पावती आणि धाकट्याला उलटी कुठे झाली, यावरून त्यांनी तालुका पक्का केला.

कोर्टाच्या संगणकावर नाव शोधायचं: आधी आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. तीन दिवस काहीच नाही. माझ्या मनात आशेचा कोंब. "हरवलं असेल का हो?"

"हरवायला तो काय सातबारा आहे? कारकूनबाईंनी अजून चढवलं नसेल."

चौथ्या रात्री साडेअकराला फोन. "सापडलं! तुझ्या वडिलांच्या नावावर आहे!" शिपायाने माझं मधलं नाव आडनाव म्हणून घातलं होतं. साताऱ्यात लूनापलीकडे काही न चालवलेले माझे वडील व्हर्जिनिया राज्याविरुद्ध बेदरकारपणे उभे होते.

त्याच आठवड्यात पत्रपेटी भरली. खटल्यांच्या यादीवरून वकिलांना पत्ते मिळतात. अठरा पत्रं आली. काका ती बोटांनी चोळून पाहत. कागद जाड तेवढी फी जाड, हा त्यांचा सिद्धांत. वकील करायचा की नाही, हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. (एवढं एक त्यांच्यातलं शहाणपण मला मान्य आहे.) बाकी फर्मान निघालं: गेल्या काही वर्षांचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड आण. आठ तासांचा सुधारवर्ग आधीच कर. काटा गॅरेजमधून तपासून दाखला घे, व्हर्जिनियाचं कोर्ट तो वाचतं. आणि 'सगळेच तेवढ्याने चालले होते' असं मेलास तरी म्हणू नकोस. लायसन्सवर चढणाऱ्या दंडाच्या गुणांचं भय मात्र त्यांनी घालवलं. व्हर्जिनियाच्या हिशेबी रेकलेसला सहा गुण. आमच्या न्यू जर्सीत बाहेरच्या राज्यातल्या अशा अपराधाला दोनच. 'दोनच' म्हणताना त्यांची छाती फुगली. हे राज्य त्यांनीच स्थापल्यासारखी.

तारखेला ते सोबत आले. साडेतीनशेहून जास्त मैल, काकूंनी दिलेल्या दशम्या मांडीवर. त्या भागात कोर्टाच्या गावाचं नावच कधी कधी 'कोर्ट हाउस' असतं: अमेलिया कोर्ट हाउस, शार्लट कोर्ट हाउस. "अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस ऐकलंयस? १८६५ त जनरल ली तिथेच ग्रँटला शरण गेला. कोर्टात नव्हे हं, गावातल्या एका घरात. पण पत्ता कोर्ट हाउसच. लीला जमलं नाही, तिथे तू कोण?" धीर देण्याची ही त्यांची पद्धत.

विटांची इमारत, पांढरे खांब, हिरवळ. दाराशी भिंतीवर त्या दिवसाची यादी. आत लाकडी बाकं, त्यावर शेतकरी, ट्रकवाले आणि माझ्यासारखे घाईत फ्लोरिडाला निघालेले लोक. माझ्या वडिलांच्या नावाचा पुकारा झाला, मी उभा राहिलो. गॅरेजच्या दाखल्यात माझा काटा खरोखरच चार मैल चुकत होता. न्यायाधीशांनी कागद चाळले, पोलिसाकडे पाहिलं, पोलिसाने मान हलवली. रेकलेसचं साधं स्पीडिंग झालं. सगळं मिळून तीन मिनिटं. दंड आणि कोर्टखर्च खिडकीवर भरून मी आनंदाने वळलो, तर काका बाकावर नाहीत.

ते बाहेर भिंतीशी होते, चष्मा कपाळावर चढवून यादीला नाक लावलेलं.

"निघू या ना?"

"थांब. हे बघ, सोळावा नंबर. शेवट 'कर' आहे. ९४ चा मारलाय पठ्ठ्याने!" त्यांनी आत डोकावून बाकं पुन्हा एकदा मोजली. चेहरा पडला. "आलेला दिसत नाही रे. गैरहजर राहतोय गाढव." आणि खिशातून फोन काढून ते पायऱ्या उतरू लागले. "हॅलो, रॅले मंडळाचे सेक्रेटरी का? एक आडनाव सांगतो, लिहून घ्या..."