सोनं झालं

पिकल्या वयाचे माणूस फार दिवस अंथरुणाला न खिळता, नातवंडे-पतवंडे बघून गेले, तर ते मेले असे कोणी म्हणत नाही. त्याचे ‘सोनं झालं’ म्हणतात. मरणाचा हा स्वतंत्र प्रकार आहे. अकाली मरणात न रडणाऱ्याकडे लोक वळून बघतात. इथे रडणाऱ्याकडे बघतात. ‘आता कशाला रडतेस, सोनं झालं की डोकरीचं!’ असे तिला सांगायला चार बायका पुढे होतात आणि सांगता सांगता त्यातल्या दोघी स्वतःच पदर डोळ्यांना लावतात.

या प्रकाराची ओळख करून घ्यायला नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा सोयीचे आहे. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर वसले आहे आणि गुजरातची हद्द जवळच आहे. बाजारात मराठी, अहिराणी, गुजराती, उर्दू आणि भिल्लीच्या बोली एकाच वेळी कानावर पडतात. त्यामुळे मयतीच्या घरी सल्ले निदान चार भाषांतून मिळतात. तिरडीची पहिली गाठ कुठल्या बाजूने मारायची यावर मात्र कुठल्याच दोन भाषांचे एकमत होत नाही.

सोने म्हटले की कस आलाच. पहिला कस वयाचा, आणि सर्वांत जास्त भेसळ त्यातच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीचे वय कागदावर नसते. ते घटनांवरून मोजतात. 1968 साली तापीला महापूर आला तेव्हा तिचा थोरला रांगत होता, 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती, एवढ्या दोन खुणांवर घरातला प्रत्येक जण आपापला हिशेब मांडतो. आधार कार्ड काढताना तिला जन्मतारीख विचारली गेली, ती कोणालाच सांगता आली नाही, आणि तेव्हापासून तालुक्यातल्या अनेक वृद्धांप्रमाणे तिचाही वाढदिवस 1 जानेवारीला येऊ लागला. कार्डावर ती चौऱ्याऐंशीची. परंतु मयत हलेपर्यंत ती नव्वदीत पोचते, चौकात पंचाण्णव होते आणि स्मशानात भाषण करणारा तिला शंभरी देऊनच खाली बसतो. जिवंतपणी एका वर्षाला एक याच गतीने वाढलेले वय मरणानंतर तासाला पाच वर्षे वाढते.

दुसरा कस पतवंडांचा. पणतू झाला की पणजीवर सोन्याची फुले उधळण्याची चाल महाराष्ट्रात बऱ्याच घरांत आहे. त्यामुळे तिला स्वर्गात चढायला सोन्याची शिडी मिळते अशी समजूत. फुले गुंजभर वजनाची असतात. उधळणारे दोघे, वेचणारे वीस, आणि एक फूल हमखास कमी भरते. त्या फुलाचा विषय पुढे दहाव्याला पुन्हा निघतो.

प्रत्यक्ष अंत्ययात्रेचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे थांबणे. सुरतेला कामाला गेलेला धाकटा निघालेला असतो. तो दर अर्ध्या तासाने ‘पोचलोच’ असे कळवतो. त्याच्याइतकीच महत्त्वाची वाट साडीची. बाई शेवटची जाते ती माहेरच्या साडीत. आजीचे भाऊ केव्हाच गेलेले, म्हणून सागबाऱ्याचा भाचा साडी घेऊन येतो, आणि तोवर लेकींनी, सुनांनी, मानलेल्या बहिणींनी आपापल्या साड्या आणलेल्या असतात. कोणाची नाकारणार? जन्मभर दोन लुगड्यांवर काढलेली बाई अशी अकरा साड्यांखाली झाकली जाते. खांदेकऱ्यांना त्या दिवशी ती जड लागते, त्याला हेही एक कारण.

पुढचा प्रश्न मडके कोणी धरायचे. हा मान आहे, आणि मान म्हटला की हक्क आला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी पुण्यात महात्मा फुले गेले, तेव्हाही टिटवे, म्हणजे हेच मडके, धरण्यावरून भाऊबंदांनी दत्तक यशवंताला अडवले होते. अखेर सावित्रीबाईंनीच ते हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या. शंभराहून जास्त वर्षे झाली तरी आजीची लेक मडक्याकडे नुसती वळली, की कोणीतरी मामा घसा खाकरतो.

यात्रा वाजतगाजत निघते. भजनी मंडळ असले तर टाळ-मृदंग, नसले तर बँड. लग्नसराईत रोडालीची नाचगाणी वाजवणारा जो बँड, तोच हा. त्याची अडचण अशी की मयतीला चालतील अशा चाली त्याच्याकडे दोन-तीनच असतात आणि स्मशान लांब असते. एकच भजन सहाव्यांदा सुरू झाले की तरण्या पोरांचे पाय ठेका धरू लागतात. मग एखादा वडीलधारा त्यांच्याकडे रोखून बघतो. त्याचाही पाय हलत असतो.

यात नवे काही नाही. वर डोंगरात, देवगोईचा घाट चढून मोलगीकडे गेले, की पाड्यांवर मयतीला ढोल वाजतो. घरे एकमेकांपासून लांब, टेकडी-टेकडीवर. ठेका ऐकून पलीकडच्या टेकडीला बातमी कळते. काठीच्या राजवाडी होळीला ज्या ढोलावर रात्रभर पाय थिरकतात, तोच ढोल इथे निरोप सांगतो. सपाटीवरचे लोक ‘मरणात वाजवणं बरं दिसतं का’ असा प्रश्न अधूनमधून काढतात, पण तो बहुधा बँडवाल्याचे पैसे देताना निघतो. तिकडे अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला बँड मयतीबरोबर जाताना संथ, उदास वाजवतो आणि दफन उरकून परतताना नाचायला लावतो. अक्कलकुव्यात दोन्ही कामे जातानाच आटोपतात. परत येताना सगळ्यांना आंघोळीची घाई असते.

स्मशानात भाषणे होतात. जिने भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापलीकडे सार्वजनिक जीवनात कधी पाऊल टाकले नाही, तिच्या जाण्याने तालुक्यात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाल्याचे जाहीर होते. आजीला यावर काही बोलता येत नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (1974) नाटकातला भाऊराव मेल्यावर कीर्तनाच्या ढंगात स्वतःच आख्यान लावतो आणि जुन्याच स्मशानात जाळा म्हणून अडून बसतो. ती सोय नाटकातल्या मयतांनाच असते.

चौकात तोवर फ्लेक्स लागलेला असतो. आजीचा सुटा फोटो घरात एकच, आधार कार्डावरचा. तो मोठा केला की ती कशाला तरी दचकल्यासारखी दिसते. खाली ‘शोकाकुल’ म्हणून नऊ चेहरे, त्यांतले सात हसरे. संध्याकाळी शेजारी पिठले-भाकरीचा कडू घास आणतात. पिठले चांगले झालेले असते, पण तसे बोलून दाखवायचे नसते.

दहावा तापीकाठी प्रकाशाला. तापी-गोमाईच्या संगमावरच्या या गावाला दक्षिण काशी म्हणतात. तीर्थाच्या कावळ्यांना पिंडाचे अप्रूप नसते, पोटे भरलेली असतात. ते झाडावर बसून राहतात. मग मृताची इच्छा काय राहिली ते ओळखण्याची जाहीर चढाओढ लागते. ‘धाकट्याचं लग्न लावून देऊ’. कावळा ढिम्म. ‘लेकीला पाटल्या देऊ’. थोरली सून खोकते, कावळा ढिम्मच. सोन्याच्या फुलाचा विषय निघतो. सगळे एकमेकांकडे बघतात. शेवटी उन्हाने कावलेला थोरला ‘बरं, बांधावरचा आंबा धाकट्याचाच’ असे ओरडून सांगतो आणि नेमका तेव्हाच कावळा उतरतो. तालुक्यात आमचूर करून विकतात, त्यामुळे बांधावरचा आंबा ही भावनेची बाब नव्हे. दहा वर्षे न मिटलेला वाद असा एका पक्ष्यापुढे मिटतो. पक्षी आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. शास्त्राने ही तडजोड मान्य केली आहे. पण दर्भाच्या कावळ्यापुढे कोणी आंबा सोडल्याचे ऐकिवात नाही.

उत्तरकार्य आणि गंधमुक्तीच्या दिवशी वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी. ‘दारावर’, म्हणजे सांत्वनाला, येऊ न शकलेले या दिवशी येतात, टोप्या-टॉवेल देतात-घेतात, आणि पंगतीत दोन नवी लग्ने जुळायला लागतात.

राहता राहिली नोंद. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याने ती 21 दिवसांत करायची असते. नातू विसाव्या दिवशी जातो. शंभर वर्षे लिहा म्हणतो. कारकून आधार कार्ड मागतो आणि 84 लिहितो. तो दाखला पत्र्याच्या पेटीत जातो. फ्लेक्सवर मात्र ‘शतायुषी’ छापलेले असते, आणि तो पावसाळ्याच्या तोंडावर शेळ्यांच्या छपरावर चढतो. छापलेली बाजू आत ठेवतात. आजीचा दचकलेला चेहरा बरोबर शेळ्यांच्या डोक्यावर येतो, आणि सून म्हणते ते खरे असावे, तेव्हापासून एकही शेळी दावे तोडून गेलेली नाही.