स्पेअर डिस्कचं कोटेशन

आपल्याकडे सर्व्हर रूम म्हणजे मोडक्या खुर्च्या, जुने प्रिंटर आणि मखराचा थर्माकोल ठेवायची खोली; उरलेल्या जागेत सर्व्हर. एसी असतो, पण शनिवार-रविवार वीजबचत म्हणून बंद. डिस्कला मात्र रविवारची सुट्टी नसते. बऱ्याच हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंश सेल्सिअस; विदर्भातल्या मे महिन्यात, बंद खोलीत, ती गाठायला फार कष्ट पडत नाहीत.

मग एका स्लॉटवर पिवळा दिवा लागतो. कधी लागला, कुणालाच माहीत नसतं, कारण सूचनेचे ईमेल निवृत्त साहेबांच्या पत्त्यावर जातात. ‘रेड ५ आहे, एक डिस्क गेली तरी चालतं.’ चालतं ना. दुसरी जाईपर्यंत. आणि दुसरीला मुहूर्त सापडतो तो नेमका रिबिल्डचा. गेलेल्या डिस्कमधला मजकूर नव्या डिस्कवर पुन्हा मांडायचा तर उरलेल्या सगळ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. डिस्क मोठ्या असल्या तर दिवसभर, कधी त्याहून जास्त. त्यातून त्या सगळ्या एकाच लॉटच्या, एकाच वयाच्या, एकाच उन्हाळ्यात भाजलेल्या.

अर्थात रिबिल्डसाठी आधी नवी डिस्क यायला हवी. त्यासाठी तीन कोटेशनं, खरेदी समिती, आणि ‘मागच्याच वर्षी तर घेतली होती’ हा शेरा. तोवर शिपाई रॅकसमोर टेबलफॅन लावून जातो.

डिस्क येते. रिबिल्ड ६३ टक्क्यांवर थांबतो.

‘बॅकअप असेलच की!’

‘आहे ना साहेब. त्याच सर्व्हरवर.’