बोगद्यातली ऊब

हेडफोनसाठीच्या, खिशात मावणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची पारख करणाऱ्या रसिकांना आमचा साष्टांग नमस्कार. माणसाच्या कानाची धाव 20 ते 20,000 हर्ट्झ. पण ती तुमच्याआमच्या कानाची. रसिकांना त्यापलीकडची ‘ऊब’, ‘मखमल’ आणि ‘काळीभोर शांतता’ ऐकू येते. महागड्या आणि स्वस्त अशा दोन्ही यंत्रांचा आवाज सारख्या पातळीवर आणून, डोळे बांधून ऐकावे, असे काही अरसिक सुचवतात. सूचना सर्वस्वी अशास्त्रीय आहे. डोळे बांधले तर किंमत ऐकू कशी येणार?

तरीही निःपक्षपातीपणासाठी आम्ही चाचणी गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत घेतली. सालेकशापर्यंत महागड्या यंत्राने स्वस्ताला सपशेल लोळवले. हाजरा धबधब्याबद्दल रसिक परीक्षकांनी मत राखून ठेवले. त्यावर किंमत छापलेली नव्हती. मग दरेकशाजवळचा बोगदा आला. डब्यातले दिवे आम्ही आधीच मालवले होते. मिट्ट काळोखात यंत्रांची अदलाबदल झाली आणि महागडे कोणते, हे एकालाही सांगता येईना. बोगदा संपला, उजेड आला, ऊब परतली.

परीक्षकांच्या अहवालात एकमताने शिफारस एकच: किमतीची चिठ्ठी अंधारात चमकणारी असावी.